निर्गम परवाना : एक नळी, बर्फासह

संशोधिकाबाईंची नळी दुपारी चारच्या आत रस्त्यापलीकडच्या इमारतीत पोहोचणे आवश्यक होते. जिवाणू ज्या यंत्रणेने आपल्या बाह्य पटलातून प्रथिने बाहेर सोडतात, ती यंत्रणा त्या नळीत होती. ती अलगद सुटी करण्यात बाईंची सहा वर्षे गेली होती, आणि पलीकडच्या सूक्ष्मदर्शकावर आठ महिन्यांनी पाळी लागली होती. बर्फाची पेटी छातीशी धरून त्या फाटकाशी आल्या.

निर्गम अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"उत्पादक, जिवाणू. उत्पादकाची सही कुठंय?"

"साहेब, जिवाणू सही कशी करणार?"

"अंगठा चालेल."

बाईंनी राग गिळून समजावले. या जिवाणूला दोन पटले असतात. प्रथिन आधी आतले ओलांडते, मधल्या जागेत आपली घडी नीट बसवते; मग बाहेरच्या पटलातले दार त्याला ओळखते आणि बाहेर जाऊ देते.

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्या आवारात विनापरवाना निर्गम चालू आहे? रोज किती?"

"ते कोण मोजणार?"

"मोजलेलंही नाही!"

तीन वाजता परिपत्रक निघाले : संस्थेतील जिवाणूंनी पूर्वपरवानगीशिवाय बाह्य पटलातून काहीही सोडू नये. जिवाणूंनी दखल घेतली नाही. सव्वातीनला चौकशी समिती नेमली गेली. सचिव म्हणून बाईंनाच घेतले, आणि पेटी पुरावा म्हणून उन्हाच्या खिडकीत ठेवली गेली. बर्फाचे पाणी होऊ लागले तशा बाई रडायच्या बेतात आल्या.

तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी कानाशी लागल्या. "बाई, कचऱ्याला कुठं परवाना लागतो?"

बाईंनी पेटीवर 'निरुपयोगी' असे लिहिले. समितीच्या सचिव या नात्याने खाली सहीही ठोकली. मावशींनी पेटी बादलीत टाकली. अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून स्वतः फाटक उघडले. चारला पाच मिनिटे असताना नळी पोहोचली, आणि यंत्रणेचे चित्र असे लख्ख उमटले की बाईंनी मावशींना बादलीसकट मिठी मारली.

पुढे मोठा सत्कार झाला. 'काटेकोर निर्गम पद्धतीमुळेच नळी वेळेत पोहोचली,' असे अध्यक्षांनी सांगितले आणि अधिकाऱ्यांच्या गळ्यात हार पडला. बाई मावशींविषयी बोलायला उठल्या, तर वेळ संपल्याची घंटा वाजली. आपण सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि चहाचे रिकामे पेले खुर्चीखाली ठेवून घरी गेलो. ते उचलायला मावशी होत्याच.