शिकून बंद केलेला धडा

माणूस चुकांमधून शिकतो, हे सर्वमान्य आहे. मात्र शिकायचं तर चुका नियमितपणे आणि पुरेशा संख्येने उपलब्ध असाव्या लागतात, ही बाब फारशी कुणी लक्षात घेत नाही. ब्रिटनच्या समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या एका दूरदर्शी उद्योगसमूहाने ती घेतली आणि त्यासाठी स्वतंत्र खातंच काढलं. रीडिंगमधल्या एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हे खातं अंबरीश सांभाळतो.

अंबरीश मूळचा नागपूरचा, म्हणजे समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच. त्याचा हुद्दा ‘लेसन्स लर्न्ड मॅनेजर’ असा आहे. त्याची आई नातेवाइकांना ‘तो तिकडे शिक्षणखात्यात आहे’ असं सांगते आणि त्यात वावगं काही नाही. पवनचक्क्या पाहायला तो एकदाच बोटीने गेला होता. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, त्याने रेलिंग धरून पोट रिकामं केलं. परतल्यावर ‘समुद्रात जाण्यापूर्वी हलका आहार घ्यावा’ हा धडा त्याने स्वतःच नोंदवला. खात्यातला तो एकमेव धडा, जो आजवर कुणीतरी खरोखर पाळतं (अंबरीश पुन्हा समुद्रात गेलेला नाही).

खात्याची कार्यपद्धती अनुकरणीय आहे. पवनचक्क्यांचं एखादं शेत उभं राहिलं की कार्यशाळा भरते. सगळ्यांना रंगीत चिकटचिठ्ठ्या वाटतात, आणि काय चुकलं ते लिहून भिंतीवर डकवायला सांगतात. कुणालाही दोष द्यायचा नाही, असा दंडक आहे. अगदीच राहवलं नाही तर हवामानाला द्यावा, कारण हवामान कार्यशाळेला येत नाही. हेरिंग बँक या शेताच्या कार्यशाळेतून एकूण दोनशेच्या वर धडे निघाले. त्यांतले निम्म्याहून अधिक बोटीवरच्या चहाबद्दल होते, कारण चहाबद्दल प्रत्येकाला मत असतं आणि त्यात कुणाची नोकरी जात नाही. उरलेल्यांत ‘नांगर टाकण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावे’, ‘मच्छीमारांशी आधी बोलावे, नंतर नव्हे’, ‘सीगलसमोर सँडविच उघडू नये’ असे मौलिक धडे होते. आणि एकशे अठरावा धडा केबलचा होता.

तो थोडक्यात असा. एका पवनचक्कीपासून दुसरीपर्यंत विजेची केबल समुद्राच्या तळावरून जाते. तिची लांबी नकाशावर मोजली, आणि नकाशा सपाट असतो. केबलला तळापासून मनोऱ्याच्या आत वरपर्यंत चढायचंही असतं, दोन्ही टोकांना, हे मोजायचं राहून गेलं. लेंग्याची नाडी कंबरेइतकीच कापावी आणि गाठीला काही उरू नये, तशातली गत. तीन बोटी आठवडेच्या आठवडे समुद्रात नुसत्या डुलत राहिल्या. शेवटी धडा नोंदवला गेला, त्याला हिरवा रंग मिळाला, आणि तो ‘बंद’ झाला. शिकून झालेला धडा बंद करतात. बंद धडा पुन्हा उघडायचा असेल, तर तीच चूक पुन्हा झाल्याचा पुरावा जोडावा लागतो.

आता पफिन शोल नावाचं पुढचं शेत त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, उभं राहत होतं. प्रत्येक शेताची कंपनी कायद्याने वेगळी असते. त्यामुळे तिसऱ्या मजल्याचे धडे ही तिसऱ्या मजल्याची गोपनीय मालमत्ता. दोन्ही मजल्यांची लिफ्ट एक, कँटीन एक, मायक्रोवेव्हही एकच, आणि त्यातल्या फोडणीच्या वासाबद्दल येणारी तक्रारही सामाईक. फक्त अनुभव तेवढा स्वतंत्र ठेवला होता.

चौथ्या मजल्यावर केबलचं काम सुयशकडे होतं. सुयश पुण्याचा, अंबरीशचा इथला पहिला मित्र. अंबरीश रीडिंगला आला तेव्हा घर मिळेपर्यंत तीन आठवडे सुयशच्याच सोफ्यावर झोपला होता. सुयशची बायको कस्तुरी, आणि मुलगी नुकतीच नर्सरीत जाऊ लागलेली. व्हिसा सुयशच्या नोकरीवर. नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही.

एका शनिवारी सुयशने अंबरीश आणि त्याची बायको वरदा यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्याने कौतुकाने लॅपटॉप उघडला.

“हे बघ, मी टोटल केबल लेंग्थ ऑप्टिमाइज केलीये. बॉस सॉलिड खूश आहे. आतापर्यंत सगळे उगाच एक्स्ट्रा केबल घेत होते रे!”

अंबरीशने नकाशा पाहिला. नकाशा सपाट होता.

“तुमच्याकडे काही लेसन असेल याच्यावर, तर सांग हं,” सुयश म्हणाला.

“छान केलंयस,” अंबरीश म्हणाला. “श्रीखंड घरी केलंय का?”

परतीच्या वाटेवर गाडीत त्याने वरदाला सगळं सांगितलं. वरदा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. माणूस टेबलावर असताना बोलायचं, उठून गेल्यावर नाही, अशा जुनाट पद्धतीने तिथे काम चालतं.

“मग आत्ता फोन कर ना त्याला,” ती म्हणाली. “‘सुयश, केबल परत मोज.’ झालं! याला कसली प्रोसेस लागते?”

“अगं, कॉन्फिडेन्शियल आहे ते. आणि सध्या माझं आयएलआरचं सगळं नाजूक स्टेजला आहे.”

इथे हे सांगणं भाग आहे की अंबरीशचा आयएलआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज त्याच महिन्यात जायचा होता, आणि त्याला कंपनीचं पत्र लागणार होतं. ते पत्र चंद्रशेखर देणार होते. चंद्रशेखर म्हणजे संचालक, स्टॅनमोरला राहणारे, या देशात केस पांढरे झालेले. मीटिंगमध्ये अंबरीश त्यांना ‘चंद्रा’ म्हणतो आणि दार बंद झालं की ‘सर’.

सोमवारी त्याने दार बंद केलं.

“सर, वरच्या मजल्यावर एकशे अठरा परत होणार आहे.”

“झालाय का?”

“नाही सर, होणार आहे. केबल अजून कापलेली नाही.”

“मग तो लेसन नाही, अंबरीश. ती फोरकास्ट आहे. फोरकास्ट आपल्या डिपार्टमेंटला येत नाही.” चंद्रशेखरांनी चष्मा पुसला. ते दुष्ट गृहस्थ नव्हेत, दर गणपतीला मंडळात स्वतः पंगत वाढतात. “हे बघ, तू कस्टोडियन आहेस. शेअर करायचंच असेल तर कमिटीला रिक्वेस्ट टाक. बाय द वे, तुझं लेटर तयार आहे. शुक्रवारी साइन करतो.”

अंबरीशने विनंती टाकली. समितीची बैठक पुढच्या तिमाहीत होती. आपण आपल्या परीने प्रयत्न केला, असं त्याला अर्धा दिवस वाटत राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये सुयश भेटला. दोघेच होते.

“उद्या फायनल लेंग्थ फॅक्टरीला जाते रे,” सुयश म्हणाला. “एकदा गेली की सुटलो.”

अंबरीशने तोंड उघडलं. त्या क्षणी त्याला सोफा आठवला, सोफ्यावर अंथरलेली कस्तुरीची सोलापुरी चादर आठवली, आणि त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली. मग शुक्रवार आठवला.

“वीकेंडला काय प्लॅन?” त्याने विचारलं.

शुक्रवारी दोन्ही कागद वेळेवर रवाना झाले. चंद्रशेखरांचं पत्र अंबरीशकडे, आणि केबलची लांबी कारखान्याकडे.

पुढचं समुद्राने केलं. उन्हाळ्यात बोट पफिन शोलला पोहोचली, केबल खाली सोडली, वर ओढली, आणि तिचं टोक मनोऱ्यातल्या भोकाखाली दीड पुरुष अंतरावर येऊन थांबलं. पहिल्या मनोऱ्यात तसं, तसंच दुसऱ्यात, तिसऱ्यातही. सातत्याच्या दृष्टीने पाहिल्यास काम निर्दोष होतं. सुयश डेकवर उभा राहून ते टोक बघत होता, आणि कुणी काही बोलत नव्हतं, कारण दोष द्यायचा नव्हता. दोष न देताच महिन्याअखेर त्याला कामावरून कमी करण्यात आलं. त्याने सगळीकडे अर्ज केले. मिल्टन कीन्सला एक नोकरी होता होता राहिली.

निघण्यापूर्वी, नोटिशीच्या मुदतीत, त्याला एक शेवटचं काम होतं. पफिन शोलच्या धड्यांच्या कार्यशाळेला हजर राहणं. चौथ्या मजल्यावर धडे गोळा करण्याचा अनुभव कुणालाच नसल्याने कार्यशाळा घ्यायला बाहेरून तज्ज्ञ बोलावला होता. तो खालच्याच मजल्यावरून आला.

अंबरीशने चिठ्ठ्या वाटल्या. फळ्यावर ठरलेला प्रश्न लिहिला: हे आधी कुणाला कळू शकलं असतं का? सगळ्यांनी माना हलवून नाही म्हटलं. सुयशने काहीच लिहिलं नाही. चहाच्या सुट्टीत तो हळूच म्हणाला, “अंबरीश, खरं सांग. हे आधी कुठे झालं होतं का रे?”

“ते कॉन्फिडेन्शियल आहे,” अंबरीश म्हणाला.

सुयशने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने कोट उचलला आणि जिन्याने खाली उतरला. कस्तुरी आणि मुलगी आधीच पुण्याला गेल्या होत्या. रिकाम्या घरातला सोफा त्याने फुकट घेऊन जा म्हणून फुटपाथवर ठेवला, असं वरदाला कुणीतरी सांगितलं. ती अंबरीशशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं कायमचं वास्तव्य मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिला बोलावंच लागलं.

चूक पुन्हा झाल्याचा पुरावा आता उपलब्ध असल्याने धडा रीतसर उघडण्यात आला, पुन्हा शिकण्यात आला आणि बंद झाला. अंबरीशला बढती मिळाली. पुढच्या शेतासाठी पाचव्या मजल्यावर नवीन फर्निचर येत आहे.

अंबरीशबद्दल आपलं मत एव्हाना वाईट झालं असेल, तर तो आपला अधिकार आहे. परंतु कार्यपद्धती म्हणून एक नोंद करणं आवश्यक वाटतं. केबल तोकडी पडणार, हे सुयशने लॅपटॉप उघडला तेव्हाच आपल्याला कळलं होतं, आणि आपण पुढे काय गंमत होते ते पाहायला सरसावून बसलात. ते सोडा, ही तर कथा आहे. पण आपल्याही ओळखीत या आठवड्यात कुणीतरी काहीतरी तोकडं कापायला निघालं आहे, ते आपल्याला दिसलं आहे, आणि सांगणं आपलं काम नाही असं आपण ठरवूनही टाकलं आहे. त्याचं नाव आत्ता आपल्या मनात आलं. फोन तर हातातच असेल. बहुधा हेही आपण त्याच्यावरच वाचत आहात.