मोटारीची जमीन

लोखंडाला गंज चढू न देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला अगदीच अडाणी समजणार नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथल्या एका ठेकेदाराच्या गोदामाचा मी स्टोअरकीपर. नाव नागोराव, गाव परभणीकडचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा बारा महिने. तरी माझ्या गोदामातल्या एखाद्या नट-बोल्टावर कुणी तांबडा ठिपका दाखवावा, मी त्याला वर्षभर चहा पाजीन! अशा माणसाच्या मोटारीचा तळ गंजून रस्त्यावर पडला, आणि तोही बायको आत बसलेली असताना.

मोटार म्हटल्यावर भुवया उंचावू नका. डहाणूकडच्या एका इराण्याच्या चिकूवाडीत ती सात वर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. इराणी म्हणाला, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. कुरकुर केली ती फक्त कोंबड्यांनी. माझ्या शेजारच्या खोलीत मारुती नावाचा साताऱ्याकडचा वेल्डर राहतो, त्याने आठ रविवार खपून तिचं इंजिन चालू करून दिलं. बसण्याची जागा मी स्वतः पुसली. तळ मात्र बघितला नाही. तळ कोण बघतो?

एवढा खटाटोप चंद्रकांतासाठी. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यात एका छपराखाली राहिलो ते दिवस बोटांवर मोजण्याइतके. मला इथे खोली मिळेना आणि ती तिकडे गावी. शेवटी सरावलीला एक खोली मिळाली. चंद्रकांताने समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे गावचं तळं, तेही चैत्रात आटतं. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची, 'समुद्र आहे ना अजून?' जणू मी तो रोज आंघोळीला वापरून संपवणार होतो. मी उत्तर लिहायचो, आहे, तू ये, मोटारीतून दाखवतो.

दिवाळीनंतर ती आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही घिवलीला समुद्र बघायला निघालो. ती नवी चप्पल घालून, मांडीवर आईने दिलेला लाडवांचा डबा घेऊन ऐटीत बसली होती. पास्थळच्या पुढे एक खड्डा आला. मोटार खड्ड्यातून वर आली, पण चंद्रकांताच्या पायाखालचा तळ खड्ड्यातच राहिला. लाडवांचा डबा त्याच वाटेने गेला. एक चप्पल गेली. चंद्रकांताचे पाय रस्त्याला लागले आणि ती बसल्या बसल्या मोटारीच्या आत पळू लागली! घाबरून मी ब्रेकऐवजी हॉर्न वाजवला. बाजूला भाताचे भारे बांधणारी माणसं काम सोडून बघत राहिली. जिला दोन पाय आणि चार चाकं आहेत अशी मोटार त्यांनी पूर्वी पाहिली नसावी.

मोटार थांबली तिथून समुद्राचा आवाज ऐकू येत होता. चंद्रकांताने तो क्षणभर ऐकला, उरलेली चप्पल हातात घेतली आणि सरावलीकडे चालायला लागली. तिसऱ्या दिवशी ती गावी परतली. स्टेशनावर एवढंच म्हणाली, "गाडीला जमीन बसली की कळवा. मग येते."

पुढचे पाच महिने कसे काढले ते विचारू नका. जाताना ती आपली फणी कोनाड्यात विसरली होती. मी ती हलवली नाही. रोज संध्याकाळी स्टोव्हवर दोघांपुरता भात टाकायचा हात आवरून एकट्यापुरता टाकायचो, आणि तोही उरायचा. मारुतीला माझी दया आली. त्याने जाड पत्रा कापून, ठोकून तळाचे दोन नवे भाग तयार केले आणि मोटारीला पक्के वेल्ड करून दिले. वर उभा राहून त्याने चार उड्या मारल्या. "आता हत्ती बसवा, नागोराव," म्हणाला. मला हत्ती बसवायचा नव्हता. मी त्याच दिवशी पत्र टाकलं आणि उत्तरही लगेच आलं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते.

मंगळवारी सकाळी मी मोटारीत डोकावलो. नव्या कोऱ्या पत्र्यावर तांबूस झाक आली होती. आठ दिवसांत आली होती! खारा वारा माझ्या घरात घुसून माझ्याच नाकावर टिच्चून गेला होता. गोदामात गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडची पिंपं भरलेली होती, पण मालकाचा रंग घरच्या मोटारीला फासणारा स्टोअरकीपर मी नव्हे. म्हणून मी पालघरला गेलो. दुकानदार म्हणाला, सगळा रंग तुमचा प्रकल्पच उचलतो, पुढच्या आठवड्यात या. मनोरलाही तेच ऐकलं. मला पुढचा आठवडा नको होता, शनिवार हवा होता.

बुधवारी मी घिवलीला गेलो, तर किनाऱ्यावर रामनाथ तांडेल नावाचा कोळी आपल्या होडीला तेल चोपडत होता. मुशी माशाच्या काळजाचं तेल. मी विचारलं, याने गंज थांबतो का? तो हसला.

"बारा वरसं हाय पाण्यात होडी. एका खिल्याला गंज दाखव. पन उनात आठ दिस सुकू दे, सायब. घाई केलीस तं वास ऱ्हाते."

यातलं गंजाचं मी नीट ऐकलं. उन्हात वाळवायचं मला सांगितलं जात आहे असं मला वाटलंच नाही. गंजाबद्दल मला कुणी शिकवायचं म्हणजे काय!

डबाभर तेल आणून मी पत्रा घासला आणि खालून दोन, वरून तीन हात दिले. दाराच्या पोकळीतही ओतलं, वर काथ्याची चटई घट्ट अंथरली. गुरुवारी सकाळी मोटारीभोवती चार मांजरं होती. शुक्रवारी अकरा झाली. मारुतीने आपली खाट खोलीच्या पलीकडच्या भिंतीला नेली. मी आत उदबत्तीचा अख्खा पुडा जाळला, तेव्हा आत मुशीचं श्राद्ध चालल्यासारखं वाटू लागलं. पण पत्रा मात्र लखलखत होता, हे मान्य करा.

शनिवारी बोईसर स्टेशनाबाहेर मी तास आधीच मोटार लावली. चंद्रकांताला सांगायचं एक वाक्य मी पाच महिने घोकलं होतं. मोटारीत आम्ही दोघंच असू, रस्त्याला झाडं लागतील, तेव्हा म्हणायचं असं ठरलं होतं. गाडी आली. आधी बाहेर आल्या त्या पालघरच्या बाजारात मासळी विकून परतणाऱ्या घिवलीच्या तीन कोळणी. त्यांतली पुढची, मैनाबाई तिचं नाव, थबकली, तिने हवा हुंगली आणि थेट माझ्या मोटारीचं दार उघडलं.

"रामनाथनं धाडली का रं गाडी? बरा झाला, पाय तुटलं आज."

रिकाम्या टोपल्यांसकट तिघी मागे बसल्याही. मी सांगितलं की ही खाजगी मोटार आहे. मैनाबाई म्हणाली, "वास आमचा, नि गाडी तुजी?" तेवढ्यात मागून ट्रंक ठेवल्याचा आवाज आला. चंद्रकांता उभी होती, थोडी वाळलेली, गेल्या वेळचंच लुगडं, पायांत नव्या चपला. घोकलेलं वाक्य घशात आलं आणि तीन टोपल्यांकडे बघून परत गेलं.

ती पुढे बसली. आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, टाचेने तळ ठोकून बघितला. "घट्ट बसलीय की जमीन," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी अशा दहा मोटारींना तळ बसवला असता. मग तिने श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

"अहो, हा समुद्राचा वास का?"

माझ्या हातून आयुष्यात एवढं मोठं खोटं कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, हो. मैनाबाई खिडकीबाहेर बघत राहिली, हे तिचे उपकार. आमची मंडळी जन्माची माळकरी, अंड्याच्या टरफलाला शिवत नाही. पण समुद्र म्हणून ती तो वास डोळे मिटून छातीभर घेत होती. घिवली येईपर्यंत घेत राहिली. मध्ये मैनाबाईने तिला गाव विचारलं, पोरंबाळं विचारली, होडीला तेल कसं लावतात तेही सांगितलं. मी कान बंद करून मोटार हाकत होतो.

किनाऱ्यावर कोळणी उतरून गेल्या. ऊन उतरलं होतं. चंद्रकांता चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. लाट पायांवरून आली, गेली. मग वाऱ्याकडे तोंड करून श्वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

"इथं तर तो वास नाही."

मी सगळं सांगितलं. पत्रा, तांबूस झाक, मुशी, सगळं. पाच महिने घोकलेलं वाक्य ऐन वेळी विसरलो आणि तोंडातून भलतंच आलं, "तुझे पाय परत रस्त्याला लागू नयेत म्हणून केलं गं." ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने माझ्या सदऱ्याची बाही धरली आणि अंधार पडायला लागेपर्यंत सोडली नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी लिहायलाही बसलो नसतो. पण मोटार खोलीच्या दारात उभी असते. चंद्रकांताने भाकरी केली तर भाकरीला मुशी, दूध तापवलं तर दुधाला मुशी. तीन दिवस तिच्या पोटात अन्न ठरलं नाही. चौथ्या दिवशी मीच तिला आगगाडीत बसवून आलो. स्टेशनापर्यंत आम्ही चालत गेलो. तळ अगदी पक्का होता, पण चालत गेलो. फणी ती या वेळी मुद्दाम ठेवून गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'मैनाबाई म्हणत होती की आठ दिवस वाळवलं की वास मरतो. तुम्ही घाई केली ती माझ्यापायी, हे कळलं. मोटारीत नेसलेलं ते लुगडं धुतलेलं नाही. ट्रंकेच्या तळाला ठेवलंय, ती उघडली की समुद्र येतो. आई ओरडते. वास गेला की कळवा, ट्रंक घेऊन कायमची येते.'

त्याच रविवारी रामनाथ सहा माणसं घेऊन आला आणि आम्ही मोटार कुशीवर निजवून तिचं पोट उन्हाला दिलं. त्याला आता एकवीस दिवस झाले. अडचण अशी की माझ्या नाकाला काही कळेनासं झालंय. मारुती म्हणतो, वास येतो. मैनाबाई म्हणते, वास कधी नव्हताच. म्हणून मी मांजरं मोजतो. अकराची सात झाली, सातांची तीन, आणि गेले दहा दिवस एकच आहे. ते गेलं की त्याच दिवशी पत्र टाकायचं, असं पक्कं ठरवलंय.

फक्त ते जात नाही. आता तुमच्यापासून काय लपवायचं, संध्याकाळी एकट्याला भात जात नाही, म्हणून सोबतीला बसवून त्याला दूध मीच घालतो.