सुखरूप पावलांत की?

मला कुंभकोणममध्ये उभं केलं ते रघुनाथरावांनी. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना हसू येतं आणि उपकार मागे पडतात.

राव देवदर्शनाच्या सहलींची ऑनलाइन बुकिंग कंपनी चालवतात. पण साइटवर बस चढण्याआधी तिच्या चाळीसही सीटांवर ते स्वतः बसतात. डोळे मिटून, पाय ताणून. "ही तेविसावी म्हाताऱ्यांस देऊं नको. कंबर धरते." आणि प्रवासी घरी गेला की त्याला फोन: "सुखरूप पावलांत की?" तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांबरोबर तंजावरात आलेली मराठी ती. पुण्याच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "हे कीर्तन करतात का हो?"

मी सांगलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथे मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायला आलो आणि ॲसिडच्या धुरानं छाती भरली. रावांनी एकच विचारलं, "तुमच्या तिकडच्या लोकांसवें नीट बोलशील की?" झाली मुलाखत.

महाराष्ट्रातल्या प्रवाशांनी पहिली पूर्ण बस भरली, तेव्हा कार्यक्रम मी लिहिला. दुपारी एक, पट्टीश्वरम्. अडीच, दारासुरम्. राव सीटा तपासण्यात गुंतलेले. इथली देवळं दुपारी बारा ते चार बंद असतात, हे आपल्याकडच्या माणसाला काय ठाऊक? चाळीस माणसं भर उन्हात बंद दारापुढे. एक आजोबा म्हणाले, "देवाचं नाही तर मालकाचं तरी दर्शन घडवा." माझ्या डोळ्यांपुढे परत मामाची भट्टी.

राव स्कूटरवरून आले. आजोबांना म्हणाले, "देव निजले. आपण कशास उभें राहावें? चला."

बस थेट दारासुरमच्या विणकरांच्या गल्लीत. घराघरात रेशमाचे माग. बायका मागांपुढून हलेनात. चार वाजता देवळं उघडली, तर त्यांना ओढून न्यावं लागलं.

घरी जाऊन लोकांनी साइटवर त्या गल्लीबद्दलच भरभरून लिहिलं. रावांनी माझी चूक तशीच विकायला ठेवली: 'देव निजल्यावरची फेरी'. आणि काय सांगू, एका बसच्या तीन झाल्या, तीनच्या अकरा. फोन थांबेना, स्क्रीनवर बुकिंगवर बुकिंग, आणि राव कंबर धरून, "सरी, बरें, पुढची बस आण."

मी म्हटलं, "राव, पोचल्याची विचारपूस आता मशीन करील."

"यंत्रास काय काळजी?" म्हणाले, आणि पुढचा नंबर फिरवला.

दिवाळीला मी गावी गेलो. फोन आलाच. "पावलास की?"

"पोचलो."

"ठेवूं नको. बाहेर अंगणांत धर."

धरला. काकू शेळीवर ओरडत होती, पोरं भांडत होती.

"रस्त्यावरही सगळे मराठींतच बोलतात की रे?" रावांनी विचारलं. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. रावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलायला कोणी नाही, हे मला तेव्हा आठवलं.

आमची बस एक दिवस सांगलीपर्यंत येईल. पहिलं तिकीट रावांचं. त्यांची सीट आधी मी बसून बघीन.