दाराशी तलैवन

चटणी वाटताना मिक्सर मध्येच बंद करायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. पुष्करने तो बंद केला आणि संसाराला सुरुंग लागला.

कारण बाहेरच्या खोलीत कीर्ती, म्हणजे त्याची बायको, फोनवर बोलत होती. "तलैवन कालपासून दाराशी उभा आहे हो... छे, मी नाही घेत आत... पण बिचाऱ्याला बघून जीव नुसता तुटतो!"

पुष्करने मिक्सर पुन्हा सुरू केला तो चटणीचं गंध होईपर्यंत.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्याला बघून कीर्तीचा जीव तुटल्याचं ऐकिवात नव्हतं. तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ब्रेक बनवायचा. ब्रेकवर आजवर कोणी कविता केलेली नाही. कीर्ती मात्र अण्णा नगरातल्या चार माणसांच्या ऑफिसात दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवितांवरून व्हिडिओ गेम बनवायची. (त्यात बंदूक नाही, गाडी नाही, पॉइंटसुद्धा नाहीत. "मग खेळायचं काय?" असं त्याने एकदा विचारलं होतं. "तुला नाही कळायचं," असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं.)

त्याने खाली जाऊन तमिळ वॉचमनला गाठलं.

"तलैवन म्हणजे काय हो?"

"तलैवन-आ? लीडर, सार! बॉस!"

बॉस! म्हणजे व्यंकोजी. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातला, कीर्तीच्या ऑफिसचा मालक. त्याच्या मराठीचं कौतुक घरात रोज व्हायचं. "काय गोड बोलतात रे! यावें, बसावें. नाहीतर तू! 'ए, टॉवेल दे.'"

दुसऱ्या दिवशी पुष्करने कारखान्यात पोट बिघडल्याचं कळवलं. वेलचेरीच्या घरून एक शेअर ऑटो आणि दोन बस एवढ्या प्रवासात त्याने मनातल्या मनात व्यंकोजीला चौदा वेळा जाब विचारला. (अकराव्या वेळी तो फारच छान जमला होता, पण पुढच्या स्टॉपवर विसरला.) ऑफिसचं दार व्यंकोजीनेच उघडलं.

"मी कीर्तीचा नवरा!" पुष्कर छाती काढून म्हणाला.

"नवरा? बरें झालें! आम्हांस नवराच पाहिजे होता."

पुष्कर गडबडला. "तलैवन तुम्हीच ना?"

"मी? छे हो! तलैवन तुम्ही. बसावें."

रागाला क्रियापद सापडायच्या आत तो कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. पडद्यावर एक बंद दार, दारासमोर पाठमोरा माणूस आणि खाली लिहायला चौकट.

"बायको रुसली आहे," व्यंकोजी म्हणाला. "आतां तुमचें तुम्ही पाहावें. आम्ही मागून पाहतों."

तेवढ्यात पडद्यावरच्या दाराआड बांगड्या किणकिणल्या. पुष्कर ताठ झाला. या बांगड्या कीर्तीच्या! त्यातली एक जरा बद्द वाजते, तीसुद्धा. मग उसासा आला. उसासाही घरचाच होता. (दर रविवारी, त्याने पेपर उघडला की यायचा.)

त्याने टाइप केलं, 'आत कोण आहे?'

खट्. दाराला एक कडी पडली.

'व्यंकोजी आत येतो का?'

खट्.

'मी ब्रेक बनवतो म्हणून काय झालं?'

खट्.

'माझ्यासाठी कधी तुटला जीव?'

खट्, खट्, खट्. तो थांबतोय कुठला! सातवी कडी पडली आणि अक्षरं उमटली: तलैवन हरला.

पाठीमागे पुन्हा तोच उसासा आला. पुष्करने वळून पाहिलं. मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून त्याचे सातही प्रश्न हात हात उंचीच्या अक्षरांत झळकत होते आणि त्यांच्याखाली चहाचा कप घेऊन कीर्ती उभी होती.

"तलैवन म्हणजे त्या कवितांमधला नायक," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "तिथे कोणाला नाव नसतं. कोणाही नवऱ्याने त्याच्या जागी उभं राहावं म्हणून. काल फोनवर मी या गेमबद्दल बोलत होते, पुष्कर."

"मग हे दार उघडतं कसं?"

"पाच मिनिटं गप्प उभं राहिलं की आपोआप उघडतं. तेवढाच खेळ आहे. आतापर्यंत आठ नवरे बसवले. एकालाही नाही जमलं."

"पण दोन मिनिटांत सातही कड्या," व्यंकोजी हात जोडून म्हणाला, "हें कोणांस साधलें नव्हतें."

संध्याकाळी पुष्कर मरिनाच्या समुद्रकिनाऱ्यावर उगाच फिरून, मोगऱ्याचा गजरा घेऊन घरी पोचला. दार बंद होतं. त्याने बेल वाजवली. आत बांगड्या वाजल्या.

खट्.

आता मात्र त्याला खेळ कळला होता. त्याने ओठ मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. समोरच्या विद्यालक्ष्मी मामींनी दार किलकिलं करून विचारलं, "चावी हरवली काय?" त्याने नुसती मान हलवली. तिसरं मिनिट. चौथं. व्यंकोजी, वॉचमन, ब्रेक, सगळं तो गिळून उभा राहिला. आयुष्यात तो एवढा वेळ कधी गप्प नव्हता.

आतून पावलं वाजली. दाराशी आली. थांबली. कडीवर हात पडल्याचा आवाज झाला, आणि बद्द वाजणारी बांगडी हळूच किणकिणली.

पुष्करचा ऊर भरून आला.

"कीर्ती," तो दाराला ओठ लावून म्हणाला, "झाली का गं पाच मिनिटं?"

खट्.