लोखंडी दाराची मोहीम आणि विकलेल्या दोरीची हकीकत

रविवारी सायंकाळी पाचाचे सुमारास मोहिमेचे इंटरनेटवरील पान बंद पडले. सहास मुदत सरणार होती, खजिन्यात थोडकी उणीव राहिली होती, आणि अशा समयी पानावर बंद फाटकाचे चित्र उमटून त्याखाली दोनच वाक्ये आली, ती अशी: तुम्ही शोधता ते इथे नाही. मागे जा.

येथून पुढे जे घडले ते घडले तसे लिहिले आहे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. गाळले असेल तर शिव्यांपुरतेच. पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकीव ते ऐकीव म्हणून नोंदले आहे. ज्यांस संगणकावरील खेळांचा तिटकारा असेल त्यांनीही हे वाचावे, कारण पराक्रमास मैदानच लागते असे नाही, खुर्चीही पुरते.

प्रथम मुलखाची माहिती देणे अगत्याचे. पुष्कळ वर्षांमागे 'चावीवाली' नामे एक साहसी खेळ निघाला. त्यात तलवार नाही, घोडा नाही, धावपळ नाही. एक कुलपे दुरुस्त करणारी मुलगी, तिची हरवलेली आई, आणि धुक्यातले एक बेट, इतकाच पसारा. रीत अशी की दिसेल ती वस्तू उचलावी आणि खिशात घालावी, मग प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर लावून पाहावी, आणि भेटेल त्याशी त्याचे डोके उठेपर्यंत बोलावे. बेटावर जे जे लिहिलेले दिसेल त्यात दुसरा अर्थ दडलेला असे. ऐशा रीतीने मजल दरमजल करीत चावीवाली एका लोखंडी दारापाशी पोहोचली, हात कडीवर ठेवला, आणि पडद्यावर 'क्रमशः' हा शब्द आला. मग खेळ करणाऱ्या कंपनीचे दिवाळे वाजले. खेळाचे कर्ते टेबलखुर्च्या बनवू लागले, आणि चावीवाली कडीवर हात ठेवून उभीच राहिली.

यंदा कर्त्यांनी डोक्यावरचा भुसा झाडून जाहीर केले की लोकांनी वर्गणी जमवून दिल्यास दार उघडू. शर्त मात्र कडक. ठरली रक्कम मुदतीत पुरी भरली तर खेळ होईल. किंचितही उणी राहिली तर सर्वांचे पैसे परत आणि दार कायमचे बंद.

ही खबर येताच चोहोकडे एकच गहजब उडाला. इस्पितळातील नर्सबाईंनी रुग्णाच्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि तो काढावयाचे विसरल्या. वर्तमानपत्रात शब्दकोडी रचणारे कोडेकार यांनी त्या सप्ताहाच्या कोड्यात आडवे उभे सगळे शब्द बेटावरचेच घातले आणि संपादकांचा रोष पत्करला. आणि या मोहिमेचे मुख्य सरदार, ज्यांस छावणीत, म्हणजे मोबाईलवरील ग्रूपात, चष्मेबहाद्दर म्हणत, त्यांनी आनंदाच्या भरात एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली.

चष्मेबहाद्दर पेशाने डोळे तपासणारे. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान, पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमांच्या रांगा, मागे तपासणीची अंधारी खोली, तीत उंच खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. स्वभाव नेमस्त, आवाज हळू. पण या मोहिमेत त्यांचा जीव गुंतला होता तो केवळ दारासाठी नव्हे. कारण दोरी.

दोरीचा मजकूर येणेप्रमाणे. बालपणी घरात संगणक एक, आणि माऊसची मालकी थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईसाहेबांकडे. धाकट्याने शेजारी स्टुलावर बसावे आणि पडद्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवावी, ऐसा तह होता. एके दिवशी ताईसाहेब पाणी पिण्यास उठल्या. त्या समयी खेळात एक नावाडी चावीवालीपाशी दोरी मागत होता आणि बदल्यात पितळी शिट्टी देऊ करीत होता. शिट्टी चमकत होती. धाकट्याने माऊस हाती घेतला, दोरी विकली, शिट्टी घेतली, आणि तेवढ्यावर न थांबता खेळ जतनही करून टाकला. पुढे विहीर आली, विहिरीस दोरी पाहिजे, दोरी नाही, आणि मागे फिरण्यास वाटही नाही. शिट्टी वाजे, पण तिने काहीही होत नसे. दुसरे दिवशी ताईसाहेब शिक्षणास्तव वसतिगृहात गेल्या आणि बहीणभाऊ पुन्हा त्या खेळास एकत्र बसले नाहीत.

ताईसाहेब आता जनावरांच्या डॉक्टर आहेत आणि दूरच्या गावी असतात. बोलणे तुटले आहे ऐसे नव्हे. वाढदिवसास फोन होतो, आजारपणात होतो, आणि प्रत्येक फोनाच्या आरंभी त्या म्हणतात, "बोला, दोरीविके." पण घरी येणे टळत गेले. आज गाय, उद्या घोडी, परवा कोणाचे कुत्रे. मोहीम सुरू झाली तेव्हा धाकट्याने भीत भीत विचारले असता ताईसाहेबांनी एवढेच फर्मावले की, "झाला तो खेळ, तर येईन. चांगली आठवडाभर राहीन. पण माऊस माझ्या हातात." त्या दिवसापासून चष्मेबहाद्दर दुकानात येणाऱ्या प्रत्येकास चावीवालीची थोरवी सांगू लागले, आणि काही गिऱ्हाइके चष्मा न घेता वर्गणी देऊन गेली.

आता पुनश्च रविवारी. पान बंद पडले तेव्हा तपासणीच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होते. कवायतीचे सेवानिवृत्त शिक्षक, देह आडवा, आवाज उभा, नाकावर तपासणीची लोखंडी फ्रेम आणि तीत बदलत्या काचा. चष्मेबहाद्दरांनी मोबाईल पाहिला आणि हातातली काच हातातच राहिली.

छावणीत मात्र घबराट नव्हती. उलट उत्साहाला उधाण आले होते. कारण मोहिमेच्या पहिल्या सप्ताहात कर्त्यांनी याच पानावर एक कोडे दडवले होते आणि ते सोडवणारास चावीवालीचे चित्र बक्षीस दिले होते. तेव्हा सर्वांच्या मनात एकच आले, की हे फाटक म्हणजे दुसरे कोडे.

कोडेकारांनी तत्काळ लिहिले, "मंडळी, थांबा! 'मागे जा' उलटं वाचा. शेवटून. जा, गे, मा. जागे मा!"

नर्सबाई म्हणाल्या, "अगं बाई! मा म्हणजे आई! चावीवालीची आई जागी झाली! दाराच्या मागे आईच आहे, मी पहिल्यापासून सांगतेय!"

यावर दुसऱ्या पक्षाने उठाव केला. त्यांचे म्हणणे, जोड चुकली आहे. 'जा गेमा' असे वाचावे, आणि 'गेमा' यात गेम हा शब्द उघड दिसतो आहे. कोडेकारांनी विचारले, मग उरलेल्या कान्याचे काय करायचे? उत्तर आले, तो काना म्हणजे किल्ली. क्षणात छावणीचे दोन तट पडले, जागेवाले आणि गेमावाले, आणि ज्यांनी एका खजिन्यासाठी खांद्यास खांदा लावला होता ते एकमेकांचे व्याकरण काढू लागले. इकडे घड्याळ चालले होते आणि वर्गणी कोणीच भरीत नव्हते.

चष्मेबहाद्दर मनाने जागेवाल्यांत होते. त्यांनी ताईसाहेबांस फोन लावला, कारण बालपणी सगळी कोडी त्याच सोडवीत. ताईसाहेब कोण्या गोठ्यात होत्या आणि फोन दुसऱ्याने त्यांच्या कानाशी धरला होता.

"बोला, दोरीविके. लवकर बोला, माझा हात गाईत आहे."

"ताई, 'जागे मा' म्हणजे काय असेल?"

"काय?"

"'मागे जा'चं उलटं. पानावर आलंय. कोडं आहे."

"अरे, वासरू आडवं आलंय इथे, आणि तू... किती वाजता संपतंय तुमचं?"

"सहाला."

"मग मला कशाला विचारतोस? वाच की नीट! वाचायचं काम तुझं होतं ना?" आणि फोन बंद जाहला.

चष्मेबहाद्दर पुन्हा छावणीतला मजकूर चाळू लागले. तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

"अहो, माझ्या नाकावर हे किती वेळ ठेवणार?"

"सर, दोन मिनिटं. मोठा पेच पडलाय."

"बघू, काय आहे." ऐसे बोलून कवायत सरांनी मोबाईल ओढून घेतला, हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि तक्ता वाचावा त्या थाटात वरून वाचू लागले. "तुम्ही शोधता ते इथे नाही. मागे जा. त्याच्या खाली बारीक आहे. एकाच वेळी फार लोक आल्यामुळे पान उघडू शकले नाही. कृपया मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करा." मग मान वर करून म्हणाले, "वा! काच जमली बरं का. हीच द्या."

चष्मेबहाद्दरांनी मोबाईल घेतला आणि पाहिले. चित्राच्या तळाशी, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत, ती ओळ होती. ज्यांनी जन्मभर लोकांस "आता खालची ओळ वाचा" असे सांगितले, त्यांनी खालची ओळ वाचली नव्हती. याउपर त्यांच्या मनाची जी अवस्था झाली ती येथे लिहीत नाही.

"मागे जा म्हणतंय," कवायत सर म्हणाले, "तर जा ना मागे."

मागे गेले. पान उघडले. उणीव होती तेवढीच होती आणि मुदत सरत आली होती. चष्मेबहाद्दरांनी छावणीस कळवले, "पान उघडलं!" परंतु छावणी आता कोड्याच्या पुरती कह्यात गेली होती. गेमावाल्यांनी विचारले, कोणते पान, वहीचे की झाडाचे, कारण बेटावर एक पिंपळपान होते आणि त्याचा उपयोग अद्याप कोणास सापडला नाही. चष्मेबहाद्दरांनी लिहिले, "अहो, कोडं नाहीच आहे!" यावर कोडेकार उत्तरले की, असेच वाक्य दुसऱ्या अंकात पुजाऱ्याच्या तोंडी होते, तेव्हा संशय दृढ झाला. नेमस्त माणसाचा हळू आवाज कोणी ऐकेना.

मग चष्मेबहाद्दरांनी मसलत केली आणि मोबाईल कवायत सरांच्या तोंडापुढे धरला. सरांनी छाती भरून घेतली. फ्रेमांच्या कपाटांच्या काचा थरथरल्या.

"सावधान! सगळे, मागे फिर! पान पुन्हा उघडा! पैसे भरा! गोंधळ बंद!"

हा आवाज छावणीत जाऊन पोहोचला, आणि ज्यांनी शाळा सोडून अर्धे आयुष्य लोटले होते तेही नकळत ताठ झाले. नर्सबाई मागाहून सांगत होत्या की त्यांचे दोन्ही पाय जुळले. जागेवाले फिरले, गेमावाले फिरले, आणि एकाच झुंडीने पानावर लोटले. खजिन्याचा आकडा सरकू लागला, मग पळू लागला, मग अगदी काठाशी येऊन थांबला. सगळ्यांचे खिसे रिते झाले होते. कवायत सरांनी चष्म्याचे आगाऊ पैसे देऊ केले, तेही घातले. तरी एक मोठी सरदारकी, म्हणजे वर्गणीची सर्वांत वरची पायरी, कोणी घेतली नव्हती. तिचा मान असा, की घेणाराने नव्या खेळातील एका वस्तूचे वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहावे. तिची किंमत ऐकूनच लोक मागे हटत.

चष्मेबहाद्दर काउंटरवर हात टेकून पाहत होते. ताईच्या बॅगेस जागा व्हावी म्हणून मागच्या खोलीतले खोके त्यांनी सकाळीच हलवले होते.

आणि सहास किंचित अवकाश असता आकडा एकदाच उडी मारून पार गेला.

छावणीत एकच कल्लोळ झाला. कोडेकारांनी आईला उगाच जागे केल्याबद्दल नर्सबाईंची क्षमा मागितली, नर्सबाईंनी ती नाकारली, आणि दोघे मिळून आनंदाने भांडू लागले. चष्मेबहाद्दरांनी पानावर शोधले. शेवटची सरदारकी घेणाराने वस्तू निवडून वर्णन लिहिले होते, ते असे: "दोरी. विकू नये." नावाच्या जागी फक्त 'मोठी बहीण'.

पाठोपाठ फोन वाजला. "वासरू ठीक आहे," ताईसाहेब म्हणाल्या. "हात धुऊन आधी पैसेच भरले. आता रडू नकोस, गिऱ्हाईक असेल समोर."

"सरच आहेत," चष्मेबहाद्दर म्हणाले. त्यांचा चष्मा धूसर झाला होता आणि तो पुसण्यास फडके सापडत नव्हते. दुकानात फडकी शेकड्याने होती.

येणेप्रमाणे लोखंडी दाराची मोहीम फत्ते जाहली, खजिना भरून पावला, आणि कर्त्यांनी आपल्या सहीने कबूल केले की दार उघडले जाईल. केव्हा, हे सांगितले नाही. टेबलांच्या काही मागण्या आधी पुऱ्या करणे आहे ऐसे कळते.

ताईसाहेब मात्र तितके थांबल्या नाहीत. पुढल्या रविवारी बॅग घेऊन दाखल झाल्या, मागच्या खोलीत जुना संगणक लावला, जुना खेळ प्रारंभापासून काढला, आणि स्वतः खुर्चीवर बसून धाकट्यास स्टूल दिले. दुपार कलता नावाडी भेटला. त्याने दोरी मागितली आणि शिट्टी पुढे केली. इतक्यात कोणाच्या कुत्र्याविषयी फोन आला, आणि ताईसाहेब उठून बाहेरच्या बाजूस गेल्या.

माऊस मोकळा होता. शिट्टी पूर्वीइतकीच चमकत होती.

"हात लावलास का रे?" बाहेरून विचारणा झाली.

"नाही!" ऐसे उत्तर गेले.

त्या क्षणी चष्मेबहाद्दरांचा हात नेमका कोठे होता याविषयी पक्की खबर हाती आलेली नाही. नावाडी हात पुढे करून उभा आहे.