पुरणावर आलेला आळ

अधिक महिना आणि कोरोना नागपुरात एकदमच मुक्कामाला आले होते. तरी नंदनवनच्या महादेवरावांनी जावयाला पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलंच. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. वाण दिलं नाही, तर खापरखेड्याच्या विहीणबाई जन्मभर ऐकवतील, ही धास्ती कोरोनापेक्षा मोठी होती.

फाटकातच त्यांनी जावयाच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखलं.

"खोकला?"

"नाही, बाबा," आयुष म्हणाला.

"ताप नाही, खोकला नाही. मंग या बिनधास्त!"

पोटाचं कोणी विचारलं नाही, आणि जावई आपणहून कशाला सांगतो?

महादेवरावांच्या पत्नी रुखमाबाई अंधारातच उठून पुरणाला लागल्या होत्या. साऱ्या भावकीत त्यांच्या पुरणाचं नाव होतं. आयुष दोन पोळ्यांतच 'पुरे' म्हणाला, तेव्हा महादेवरावांना चेव चढला.

"काहून बापू, लाजून राहिले का?" म्हणत त्यांनी आणखी दोन वाढल्या, वर तूप ओतलं, आणि शेवटची तर स्वतःच्या हातानं भरवली.

हात धुवायला उठलेले जावईबापू थेट संडासात गेले. तासाभरानं लेकीनं, मिनलनं दार वाजवलं.

"अहो, निघा ना बाहेर!"

"थांब वं, मी आताच निघून परत आलो," आतून क्षीण आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा, म्हणजे कौशल्याबाईंचा फोन.

"काय खाऊ घातलं माह्या पोराले? रातभर तिकडंच बसून होता!"

'मीच कोंबलं' असं सांगायची हिंमत महादेवरावांना झाली नाही. "पुरण जरासं आदल्या दिवशीचं होतं वाटते," असं ते बोलून गेले. मागे रुखमाबाई उभ्या होत्या. त्या हातातलं ताट घेऊन मोरीकडे वळल्या.

तीन-चार दिवसांनी महादेवरावांचंही पोट बिघडलं, आणि गंमत अशी की त्यांना आता स्वतःचीच थाप खरी वाटू लागली.

"पाह्य वं, पुरणच बाधलं!"

"उरलेल्या पोळ्या तं दुसऱ्या दिवशी मीच खाल्ल्या," रुखमाबाई म्हणाल्या. "मले काहून नाही झालं काही?"

अशक्तपणा वाढला तसे ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाकात काडी घातली.

"पोट बिघडलं तं नाकात काहून?"

"काही लोकांमध्ये कोरोना आधी पोटातच दिसतो, काका. खोकला मागून येतो, नाही तर येतही नाही."

महादेवराव पॉझिटिव्ह निघाले, तिकडे आयुषही. मग त्यानं कबूल केलं की जेवायला निघाला तेव्हापासूनच पोट ढवळत होतं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. रुखमाबाई तेवढ्या निगेटिव्ह. त्या दाराबाहेर पेज ठेवून मुकाट्यानं जायच्या, आणि ते जाणं महादेवरावांना आजारापेक्षा जास्त लागायचं. शेवटी न राहवून त्यांनी खापरखेड्याला फोन केला.

"विहीणबाई, पुरण ताजं होतं. मीच खोटं बोललो."

"राहू द्या ना भाऊ," कौशल्याबाई मायेनं म्हणाल्या. "समजते मले. बायकोची बाजू तं घ्याच लागते माणसाले."

हात दाखवून अवलक्षण! महादेवरावांनी दाराआडून हे रुखमाबाईंना सांगितलं. "चुकलो वं मी," असंही म्हणाले.

"कोरोना पंधरा दिवसांत जाईन," बाहेरून उत्तर आलं. "शिळं पुरण लेकीच्या सासरी जन्मभर राहीन."

दिवाळीत कौशल्याबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. पंगतीत चार नातेवाईक होते. रुखमाबाईंच्या पानात पोळी वाढत त्या प्रेमानं म्हणाल्या, "घ्या, बिनधास्त घ्या. आमच्याकडं पुरण त्याच दिवशी शिजते."

"हो, छान झालं," रुखमाबाई हसून म्हणाल्या.

महादेवरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्यात पोळीचा घास घातला आणि मिटून घेतलं.