ऑर्किडचं बारसं

आमच्या शेजारच्या चन्नप्पाअण्णांनी एका रोपाचं बारसं केलं. हसू नका. मी हसलो होतो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अण्णा टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झालेले. कुणाच्यातरी रिसेप्शननंतर डेकोरेशनवाल्यानं फेकून दिलेलं ऑर्किड त्यांनी घरी आणलं आणि माणूस पार वेडावला. मातीचं नाव काढायचं नाही. "माती म्हंजे आळस हो, सर! मुळांना हवा पायजे, पानी बी पायजे. दोनी एकदम!" मग श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात वीटभट्टीवरून मागून आणलेले, चार वेळा धुतलेले विटांचे तुकडे. डब्याच्या बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, तापल्या खिळ्यानं पाडलेलं भोक. भोकापर्यंत पाणी साठायचं, जास्तीचं वाहून जायचं आणि विटा खालची ओल वर ओढायच्या. खर्च शून्य.

नळाचं पाणी मात्र चालत नसे, त्यात क्षार. म्हणून उन्हाळ्यात अण्णा रोज सकाळी आमच्या एसीखालची बादली न्यायला हजर. "सर, काल एसी नीट लावला न्हवता की काय? पानी लई कमी हाय." म्हणजे आम्ही गारठून झोपायचं, ह्यांच्या रोपासाठी!

त्यांच्या पत्नी गौराक्का कमी बोलायच्या. डबा पुसायच्या, पान पुसायच्या, बस्स.

मार्गशीर्षात फुलाच्या दांड्यावर कळीऐवजी एक इवलंसं रोपच आलं. अण्णा अनवाणी धावत आले. "सर, पोर झालं की आमाला!" मुळं दोन बोटं वाढल्यावर त्यांनी ते कापून वेगळ्या डब्यात लावलं आणि बाराव्या दिवशी सगळ्या कॉलनीला बोलावणं. घुगऱ्या, पेढे आणि साडीच्या झोळीत श्रीखंडाचा डबा! बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या. अक्का वाकल्या, डब्याशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या.

"नाव काय ठेवलंत?" मी चेष्टेनं विचारलं.

"तिला सांगितलंय. तुमाला कशाला पायजे?" अक्का म्हणाल्या.

अक्कांना मूल नव्हतं. आमच्या मुलीच्या बारशाला आम्ही त्यांना आत पुऱ्या लाटायला बसवलं होतं. पाळण्याजवळ बोलावलं नाही. कुणीच नाही, मीही नाही. सांगायलाही लाज वाटते.

वैशाखात सोलापूर भाजून निघालं. छोट्या रोपाच्या डब्यातलं पाणी दुपारी चहासारखं तापायचं. अण्णांनी खिडकीला ओल्या चादरी लावल्या, डबा न्हाणीघरात हलवला. अक्का समोर बसून हातपंख्यानं वारा घालत राहिल्या. पण मुळं शिजलीच. एकेक पान पिवळं पडलं आणि एका सकाळी शेवटचंही गळालं.

दुपारी अण्णा आमच्या दारात आले.

"सर, वैनींना घेऊन जरा बसायला येता का? हिच्याजवळ."

रोप गेलं म्हणून बसायला जायचं? पण त्यांचा चेहरा बघून आम्ही दोघं निमूट निघालो. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. माझ्या बायकोनं नुसता त्यांचा हात हातात घेतला.

अक्कांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

"आमचं बी पाचव्या म्हयन्यात गेलं हुतं, पोटातलं," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली. तवा कुणी बसायला आलं न्हवतं."